दप्तर आणि जमीन: हार्डडिस्कची तपासणी

संगणक सुरू करताना कधी कधी नेहमीचे चित्र येण्याआधी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटतात. सी ड्राइव्हची तपासणी चालू आहे, इतके टक्के झाली, नको असेल तर कोणतीही कळ दाबा. बहुतेक जण कळ दाबून मोकळे होतात. उरलेले चहा टाकायला उठतात आणि परत आल्यावर काय निघाले हे न बघताच कामाला लागतात. खरे तर त्या दहा-बारा ओळींत डिस्कबद्दल बरेच काही सांगितलेले असते.

विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींत डिस्क तपासण्याची साधने मुळातच दिलेली असतात. त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत, इंटरनेटवरून काही उतरवून घ्यावे लागत नाही. ती चालवणे सोपे आहे, पण कोणते साधन केव्हा चालवायचे आणि केव्हा त्याला हातही लावायचा नाही, हे ठरवायला डिस्कच्या आत काय चालते याची थोडी कल्पना हवी. कारण ही साधने ज्याची काळजी वाहतात ते दर वेळी तुमच्या फायलीच असतात असे नाही.

चूक दोन ठिकाणी असू शकते

तलाठ्याच्या दप्तरात सातबारा असतो. कोणत्या गटाचे क्षेत्र किती, ते कोणाच्या नावावर, हे त्यात लिहिलेले असते. जमीन मात्र शिवारात असते. नोंद चुकून एकच गट दोघांच्या नावावर चढला, तर भांडण होईल, पण जमीन जागच्या जागी शाबूत राहील. उलट ओढ्याला पूर येऊन बांधासकट कोपरा वाहून गेला, तर सातबारा स्वच्छ असेल आणि जमीन गेलेली असेल.

डिस्कवरही असेच दप्तर आणि अशीच जमीन असते. दप्तराला फाइल सिस्टिम म्हणतात. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिममध्ये मास्टर फाइल टेबल नावाची एक मुख्य नोंदवही असते. प्रत्येक फाइलचे नाव, आकार, तारखा आणि ती डिस्कवर कोणकोणत्या तुकड्यांत ठेवली आहे, हे सगळे तिच्यात असते. या तुकड्यांना क्लस्टर म्हणतात आणि एक क्लस्टर बहुधा चार किलोबाइटचा असतो. कोणता क्लस्टर भरलेला आणि कोणता रिकामा, याचा नकाशा वेगळा असतो. कोणत्या फोल्डरमध्ये कोणती फाइल आहे, याची सूची आणखी वेगळी.

एक साधी फाइल साठवली तरी या सगळ्या ठिकाणी बदल करावा लागतो. त्यातले दोन बदल झाले, तिसरा व्हायचा आहे आणि तेवढ्यात वीज गेली, तर नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. नकाशा म्हणतो क्लस्टर भरलेला आहे, पण तो कोणत्याच फाइलच्या नावावर नाही. किंवा सूचीत फाइलचे नाव आहे आणि मुख्य नोंदवहीत तिचा पत्ता नाही. ज्यांनी भारनियमनाच्या काळात घरी संगणक वापरला, त्यांना अशा चुका पुष्कळ भेटल्या असतील. अजूनही ज्या घरात इन्व्हर्टर आहे पण तो यूपीएस मोडवर ठेवलेला नाही, तिथे वीज गेल्याक्षणी संगणक बंद पडतो, कारण वीज बदलून घेण्यात जाणारा निमिषही त्याला जास्त होतो. इन्व्हर्टरच्या मागची यूपीएस मोडची छोटी कळ एकदा तपासून पाहावी.

ही पंचाईत टाळण्यासाठी आधुनिक फाइल सिस्टिम आधी फेरफार नोंदवते आणि मग मूळ नोंदीला हात लावते. काय बदलणार आहोत हे अगोदर जर्नल नावाच्या वहीत लिहून ठेवायचे, मग प्रत्यक्ष बदल करायचा. मध्येच वीज गेली, तर पुढच्या वेळी सुरू होताना प्रणाली जर्नल वाचते आणि अर्धवट राहिलेले काम एकतर पुरे करते किंवा पूर्ववत करते. एनटीएफएस १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आली तेव्हापासून तिच्यात ही सोय आहे. लिनक्सच्या एक्स्ट३मध्ये ती २००१ साली आली. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डावर मात्र सहसा फॅट३२ किंवा एक्सफॅट असते आणि तिथे असे जर्नल नसते. म्हणून झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावला, छापून घेतले आणि तसाच उपसला, की घरी आल्यावर 'या ड्राइव्हमध्ये अडचण आहे, तपासून दुरुस्त करा' असा निरोप येतो.

जमिनीची गोष्ट

दप्तराच्या चुका अशा कागदावरच्या असतात. जमीन बिघडते तेव्हा प्रकरण धातूपर्यंत गेलेले असते.

आयबीएमने १९५६ साली पहिली हार्डडिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर ५० लाख अक्षरे मावत. आज हातात मावणाऱ्या डिस्कवर लाखो पट माहिती बसते, पण तत्त्व तेच राहिले आहे: फिरणारी तबकडी, तिच्यावर चुंबकीय थर, आणि त्या थरावर वाचणारे-लिहिणारे हेड. टेबलावरच्या संगणकातली तबकडी बहुधा मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. साडेतीन इंची डिस्कच्या तबकडीची कडा त्या वेळी ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने धावत असते. हेड तबकडीला टेकत नाही. ते तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर हवेच्या पातळ थरावर तरंगते, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. चालू डिस्क हातातून पडली किंवा तिला जोराचा धक्का बसला, तर हेड तबकडीला घासते आणि थर खरवडला जातो.

तबकडीवरची माहिती सेक्टर नावाच्या भागांत असते. पूर्वी सेक्टर ५१२ बाइटचा असे. २०११च्या सुमारास उद्योगाने ४,०९६ बाइटच्या सेक्टरकडे मोहरा वळवला. या हिशेबाने एक टेराबाइटच्या डिस्कवर २४ कोटींहून जास्त सेक्टर असतात. प्रत्येकाबरोबर चूक ओळखण्याचे आणि मर्यादेत असेल तर दुरुस्त करण्याचे जादा बिट लिहिलेले असतात, कारण इतक्या दाटीत वाचताना किरकोळ चुका होणे डिस्कने गृहीतच धरलेले असते. ती त्या गुपचूप सुधारते, तुम्हाला पत्ताही लागत नाही. चूक त्या बिटांच्या आवाक्याबाहेर गेली, की सेक्टर वाचता येत नाही. दुकानातला कारागीर त्यालाच बॅड सेक्टर म्हणतो. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात तर एकावर चौदा शून्ये इतके बिट वाचताना एखादा सेक्टर हाती न लागण्याची शक्यता उघड मान्य केलेली असते. इतके बिट म्हणजे १२.५ टेराबाइट. चार टेराबाइटची डिस्क तीनदा पूर्ण वाचली, तर आपण त्या आकड्याच्या जवळ येतो.

सेक्टर वाचता आला नाही म्हणजे तिथला थर उखडला असेच नाही. लिहिता लिहिता वीज गेली, तर सेक्टरमधली माहिती नवी आणि तपासणीचे बिट जुने असे राहू शकते. असा सेक्टर वाचताना अडतो, पण त्यावर नव्याने लिहिले की ठणठणीत चालतो. म्हणून डिस्क अशा सेक्टरला लगेच बाद करत नाही, त्याला प्रलंबित ठरवते. पुढे त्याच जागी काही लिहायची वेळ आली की ती परीक्षा घेते. जमले तर प्रलंबित शेरा निघतो. नाही जमले तर तो सेक्टर कायमचा बाद होतो आणि त्याच्या जागी कारखान्यातच राखून ठेवलेला एक सुटा सेक्टर दिला जातो. ही अदलाबदल डिस्कच्या आतच होते, विंडोजला तिची खबर नसते.

चेकडिस्क काय करते

मायक्रोसॉफ्टच्या जगातले तपासणीचे जुने साधन म्हणजे चेकडिस्क. आयबीएमचा पीसी १९८१ साली आला तेव्हा त्याच्या डॉसमध्येही ते होते. तेव्हा ते फक्त दप्तर तपासायचे. १९९३च्या एमएस-डॉस ६.२मध्ये स्कॅनडिस्क आले आणि जमिनीचीही पाहणी होऊ लागली. विंडोज ९८ वापरलेल्यांना ती निळी पार्श्वभूमी आणि पुढे सरकणारी पट्टी आठवत असेल. संगणक नीट बंद न केल्याची समज देऊनच ती तपासणीला लागायची. आजच्या विंडोजमध्ये पुन्हा चेकडिस्कच आहे, मात्र आतून पुष्कळ बदललेली.

ती चालवण्याचा सोपा मार्ग असा. 'धिस पीसी' उघडा, हव्या त्या ड्राइव्हवर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीजमध्ये जा, टूल्स हे पान उघडा आणि एरर चेकिंगखालचे चेक हे बटण दाबा. पुष्कळदा विंडोज म्हणते की या ड्राइव्हला तपासणीची गरज नाही, तरी हवी असेल तर करा. ती करायला हरकत नाही. या मार्गाने ड्राइव्ह चालू असतानाच तपासला जातो आणि काम थांबवावे लागत नाही.

जास्त तपशील हवा असेल, तर स्टार्टच्या शोधपट्टीत सीएमडी लिहा, कमांड प्रॉम्प्ट दिसला की 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. काळ्या खिडकीत सी, एच, के, डी, एस, के ही सहा अक्षरे सलग लिहून जागा सोडा, मग ड्राइव्हचे अक्षर आणि त्याला चिकटून विसर्गचिन्हासारखे कोलन. एवढेच लिहून एंटर दाबले, तर चेकडिस्क फक्त वाचते, काही बदलत नाही. मात्र ड्राइव्ह वापरात असताना केलेल्या अशा तपासणीत नसलेली चूकही दिसू शकते, कारण ती वाचत असतानाच दुसरा कोणी प्रोग्रॅम नोंदी बदलत असतो. एका अहवालावरून घाबरून जायचे कारण नाही.

याच आज्ञेपुढे तिरकी रेघ देऊन एफ हे अक्षर जोडले, तर ती चुका दुरुस्तही करते. त्यासाठी तिला ड्राइव्ह पूर्णपणे ताब्यात हवा असतो. सी ड्राइव्हवर विंडोज स्वतःच चाललेली असल्यामुळे तो ताबा मिळत नाही, मग ती विचारते की पुढच्या वेळी सुरू होताना तपासू का. वाय दाबून होकार दिला की ती काळ्या पडद्याची वेळ येते. या तपासणीचे तीन टप्पे असतात: आधी मुख्य नोंदवहीतल्या फायलींच्या नोंदी, मग फोल्डरांच्या सूची, मग कोणाला काय उघडण्याचा अधिकार आहे याच्या नोंदी. हे तिन्ही टप्पे दप्तराचे आहेत.

एफऐवजी आर लिहिले, तर आणखी दोन टप्पे जोडले जातात. चौथ्यात फायलींनी व्यापलेला प्रत्येक क्लस्टर वाचून पाहिला जातो, पाचव्यात रिकामी जागा. म्हणजे दप्तर मिटून शिवारात पायी फिरायचे. याला वेळ लागणारच. सेकंदाला १५० मेगाबाइट या चांगल्या वेगाने वाचले तरी एक टेराबाइटला दोन तासांच्या आसपास लागतात. डिस्क आजारी असेल, तर एकेका अडलेल्या सेक्टरवर ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते आणि टक्केवारीचा आकडा तासन्‌तास हलत नाही.

विंडोज ८ येईपर्यंत, म्हणजे २०१२पर्यंत, ड्राइव्हवर जितक्या जास्त फायली तितका जास्त वेळ दुरुस्तीसाठी संगणक अडकून पडे. त्या आवृत्तीपासून पद्धत बदलली. आता विंडोज काम चालू असतानाच पाहणी करते, सापडलेल्या चुकांची यादी करून ठेवते आणि पुढच्या वेळी सुरू होताना फक्त तेवढ्याच जागा दुरुस्त करते. दुरुस्तीचा वेळ आता फायलींच्या संख्येवर अवलंबून नसतो, चुकांच्या संख्येवर असतो, आणि तो बहुधा काही सेकंदांत आटपतो.

अहवाल कुठे वाचायचा

काळ्या पडद्यावरचा अहवाल वाचायच्या आत निघून गेला, तरी तो हरवत नाही. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधा, विंडोज लॉग्जखालचे ॲप्लिकेशन उघडा आणि विनइनिट या नावाची, १००१ क्रमांकाची नोंद पाहा. सगळा अहवाल तिथे असतो. त्यातली नजर टाकायची ओळ म्हणजे बॅड सेक्टर्समध्ये किती केबी अडकले आहेत ती. शून्य असेल तर ठीक. शून्य नसेल, तर फाइल सिस्टिमने ती जागा नापीक ठरवून वापरातून काढली आहे.

त्याच इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम या शीर्षकाखाली डिस्कच्या तक्रारी साठतात. डिस्क या नावाची ७ क्रमांकाची नोंद बॅड ब्लॉकबद्दल असते. १५३ म्हणजे वाचण्या-लिहिण्याची मागणी पुन्हा करावी लागली. एनटीएफएसची ५५ क्रमांकाची नोंद दप्तर बिघडल्याचे सांगते. संगणक मधूनच गोठतो, एखादे फोल्डर उघडायला मिनिट लागते, अशी तक्रार असेल, तर चेकडिस्कच्या आधी या नोंदी पाहाव्यात. फक्त ५५ दिसत असेल, तर दप्तराचा प्रश्न असण्याची शक्यता आहे. ७ आणि १५३ यांची रांग लागली असेल, तर शंका जमिनीकडे वळवावी.

डिस्क स्वतःबद्दल काय सांगते

जमिनीची खरी खबर डिस्कलाच असते, आणि ती तिची नोंद ठेवते. या सोयीला स्मार्ट म्हणतात. नव्वदच्या दशकात आयबीएम आणि कॉम्पॅकच्या कल्पनांतून ती घडली आणि आता जवळपास प्रत्येक डिस्कमध्ये असते. तिच्या क्रमांकांकित नोंदींतल्या मोजक्याच महत्त्वाच्या. ५व्या क्रमांकावर आतापर्यंत किती सेक्टर बदलून दिले ते कळते. १९७वर किती सेक्टर प्रलंबित आहेत ते, आणि १९८वर डिस्कने स्वतःच्या तपासणीत किती वाचता न येणारे सेक्टर शोधले ते. ९व्या क्रमांकावर डिस्क एकूण किती तास चालली याचा आकडा. १९९ क्रमांक वेगळ्या कारणासाठी ध्यानात ठेवावा. तो वाढत असेल, तर दोष बहुधा डिस्कचा नसून तिला जोडणाऱ्या केबलचा असतो. केबल बदलून पाहणे हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि डिस्क टाकून देण्याआधी तो करायलाच हवा.

विंडोजमध्ये या सगळ्या नोंदी थेट दाखवणारी खिडकी नाही. पॉवरशेल उघडून गेट-फिजिकलडिस्क लिहिले, तर डिस्क 'हेल्दी' आहे की नाही एवढे कळते. विंडोज ११च्या सेटिंग्जमध्ये एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीचे, म्हणजे तबकडी नसलेल्या डिस्कचे, उरलेले आयुष्य आणि तापमान दिसते. मॅकच्या डिस्क युटिलिटीत स्मार्टपुढे 'व्हेरिफाइड' किंवा 'फेलिंग' असे लिहिलेले असते. लिनक्सच्या नोम डेस्कटॉपवरचे डिस्क्स हे साधन मात्र सगळ्या नोंदी उलगडून दाखवते आणि डिस्कला स्वतःची तपासणी करायलाही लावते.

'हेल्दी' या शेऱ्यावर किती विसंबायचे? कोणतीही नोंद कंपनीने ठरवलेल्या धोक्याच्या रेषेखाली गेलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. गूगलच्या एदुआर्दो पिन्हेइरो, वोल्फ-डिट्रिच वेबर आणि लुईस आंद्रे बारोसो यांनी २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कच्या अनुभवावर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. पाहणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता, चूक न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. म्हणजे पहिल्या बॅड सेक्टरकडे कानाडोळा करणे महागात पडते. पण त्याच अभ्यासात निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांनी स्मार्टच्या चार मुख्य नोंदींत आधी काहीच इशारा दिलेला नव्हता. इशारा आला तर तो खरा मानावा. इशारा नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

चेकडिस्क कोणाच्या बाजूने?

हा प्रश्न या प्रकरणाच्या गाभ्याशी आहे. चेकडिस्कचे काम दप्तर सुसंगत करणे हे आहे. मुख्य नोंदवही, सूची आणि नकाशा यांचा मेळ बसला की तिचे समाधान होते. दोन नोंदी जुळत नसतील आणि त्यांतली खरी कोणती हे कळत नसेल, तर ती एक काढून टाकते. अहवालात 'अमुक इंडेक्स एंट्री डिलीट करत आहे' अशा ओळी दिसतात, त्या याच. त्या नोंदीमागे तुमच्या लग्नाचे फोटो होते की एखादी तात्पुरती निरुपयोगी फाइल, हे तिला माहीत नसते. बेवारस सापडलेले तुकडे ती फाउंड.००० नावाच्या दडलेल्या फोल्डरमध्ये सीएचके या शेपटीच्या फायली करून ठेवते. त्यांतला एखादा तुकडा मूळचा पूर्ण फोटो असेल, तर शेपटी बदलून जेपीजी केल्यावर तो उघडतोही. पण ते नशिबाचे काम.

जमीन खचत असताना तर ही दुरुस्ती घातकच ठरू शकते. आजारी डिस्कवर आर जोडून चेकडिस्क चालवणे म्हणजे मोडकळीला आलेल्या हेडला तबकडीचा कोपरा न्‌ कोपरा फिरायला लावणे, तेही मधूनमधून लिहायला लावत. आतून टक-टक किंवा खरखर असा आवाज येत असेल, तर कोणतेही साधन चालवू नये, संगणक बंद करावा. आवाज नाही, पण प्रलंबित सेक्टर वाढत आहेत, तर आधी महत्त्वाच्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. फायली पुष्कळ असतील आणि परत मिळण्याजोग्या नसतील, तर लिनक्सवरच्या जीएनयू डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने सगळ्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढतात. ते सोपे भाग आधी उचलते आणि अडलेल्या जागा शेवटासाठी ठेवते. मग दुरुस्तीचे प्रयोग त्या प्रतीवर होतात, मूळ डिस्क बाजूला राहते. यातले काही जमण्यासारखे नसेल, तर डेटा रिकव्हरीचे काम करणाऱ्याकडे द्यावी, आणि देण्याआधी स्वतः काही 'करून बघू' नये.

एसएसडीत तबकडी नाही, हेड नाही, खचणारी जमीन वेगळ्या प्रकारची. तिथे कोणता विभाग वापरायचा आणि कोणता बाद करायचा हे आतला कंट्रोलर ठरवतो. दप्तराची तपासणी एसएसडीलाही लागू आहे, म्हणजे एफ जोडून चेकडिस्क चालवायला हरकत नाही. आर जोडून सगळी जागा वाचत बसण्याचा मात्र फारसा उपयोग नाही.

मॅक आणि लिनक्स

मॅकमध्ये ॲप्लिकेशन्समधल्या युटिलिटीजमध्ये डिस्क युटिलिटी असते आणि तिच्यात फर्स्ट एड नावाचे बटण. २०१७पासून मॅकवर एपीएफएस ही फाइल सिस्टिम आली. तिच्यात एका डिस्कवर कंटेनर असतो आणि कंटेनरात व्हॉल्यूम. ॲपलचा सल्ला असा की फर्स्ट एड आतून बाहेर चालवावी: आधी प्रत्येक व्हॉल्यूम, मग कंटेनर, शेवटी डिस्क. ज्या डिस्कवरून मॅक चालतो ती दुरुस्त करायची असेल, तर रिकव्हरीत शिरून करणे बरे. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकमध्ये त्यासाठी पॉवरचे बटण दाबून धरतात, इंटेलच्या मॅकमध्ये सुरू होताना कमांड आणि आर.

लिनक्सवर हे काम एफएससीके करते. त्याचा एकच कडक नियम आहे: जी फाइल सिस्टिम जोडलेली आणि वापरात आहे, तिच्यावर दुरुस्ती चालवायची नाही, नाहीतर चांगले दप्तर बिघडते. एक्स्ट४साठी ई२एफएससीकेला एन हा पर्याय दिला, तर ते फक्त पाहते. बेवारस तुकडे ते लॉस्ट+फाउंड फोल्डरमध्ये टाकते. जमीन तपासायला बॅडब्लॉक्स आहे. त्याला डब्ल्यू हा पर्याय दिला तर ते डिस्कवरचे सगळे पुसून तपासते, तेव्हा ते अक्षर नव्या रिकाम्या डिस्कसाठीच राखून ठेवावे.

जे कोणीच तपासत नाही

दप्तर सुसंगत आहे, एकही सेक्टर वाचताना अडत नाही, स्मार्ट म्हणते सगळे ठीक आहे. तरीही एखादा फोटो अर्धा करडा दिसू शकतो. कारण एनटीएफएसचे जर्नल नोंदी सांभाळते, फाइलच्या आतला मजकूर नाही. वीज गेली तेव्हा नोंद पुरी झाली आणि मजकूर पोचलाच नाही, असे होऊ शकते. फाइल आहे, आकार बरोबर आहे, आत शून्ये आहेत. एपीएफएससुद्धा नोंदींची पडताळणी करते, तुमच्या मजकुराची नाही. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ साली खुली केलेली झेडएफएस आणि लिनक्सवरची बीटीआरएफएस या फाइल सिस्टिम मजकुराच्या प्रत्येक तुकड्याची पडताळणी-संख्या साठवतात आणि वाचताना ताडून पाहतात. पण घरातल्या बहुतेक संगणकांवर त्या नसतात.

म्हणून घरच्या संगणकासाठी तपासणीचा क्रम असा ठेवावा. काही बिनसल्याची शंका आली की आधी महत्त्वाच्या फायलींची दुसरीकडे प्रत काढावी. मग इव्हेंट व्ह्यूअर आणि स्मार्ट पाहून दोष दप्तराचा की जमिनीचा याचा अंदाज घ्यावा. दप्तराचा असेल, तर फक्त पाहणारी तपासणी आणि गरज पडली तर एफ. जमिनीचा असेल, तर केबल बदलून पाहावी, आणि तरीही प्रलंबित किंवा बदललेल्या सेक्टरांचा आकडा दर आठवड्याला चढत राहिला, तर डिस्क बदलावी. आकडा एका जागी स्थिर असेल, तर ती डिस्क दुय्यम कामाला चालते, पण एकमेव प्रत ठेवायला नाही.

आणि सगळे ठीक असतानाही अधूनमधून एक तपासणी करावी, जिच्यासाठी कोणतीच आज्ञा लागत नाही. बॅकअपची डिस्क जोडावी, तिच्यातले दोन-चार जुने फोटो, एखादे हिशेबाचे पान, एखादे दाखल्याचे स्कॅन प्रत्यक्ष उघडून पाहावे. कोणत्या फायली गेल्या तर चालणार नाही, हे चेकडिस्कला ठाऊक नसते, तुम्हाला असते. त्या उघडल्या तर बॅकअप आहे. नाही उघडल्या, तर मूळ डिस्क अजून चालू आहे तोवर नवा बॅकअप घ्यायला वेळ आहे.